राह-राह

काशानात दुपारची दुकानं मिटली
की हुशंग दर्जी घरी येतो,
बाहेरची विजार खुंटीला लावतो
आणि गुडघ्यात फुगलेला, पट्ट्यापट्ट्यांचा
तो जुना चढवून
अंगणातल्या तख्तावर मांडी ठोकतो.
पिझामे म्हणतात त्याला तिथे.
हाताशी चहा, दाढेखाली साखरेचा खडा.
आता पादशहा जरी दारात आला
तरी हा उठायचा नाही.

नात गोलनार, पाचवीतली.
वहीत दोन रकाने आखलेत:
घरातले परके शब्द, नि त्यांना आपले.
टेलिफोन लिहून झाला.
कोट लिहून झाला.
मग इकडे तिकडे फिरून तिची नजर
आजोबांच्या मांडीवर टेकली.
"पिझामे. फ्रेंच आहे. बाईंनी सांगितलंय."

हुशंगने पेला खाली ठेवला.
चाळीस वर्षं कापड बेतलेला माणूस,
शब्द उसवायची पाळी आज पहिल्यांदा आली.
घोट्यावर टिचकी मारली: "पा."
गुडघ्यावरचं सूत चिमटीत धरलं: "जामे.
पायाचं वस्त्र. एवढंच तर आहे.
माझे पणजोबा हे घालून
भर बाजारात केशर तोलायचे.
झोपायला नव्हे."

"मग फ्रेंच कसं?"

ते काही त्याला नीट सांगता येईना.
गेला असेल म्हणाला, कुणा काफिल्याबरोबर,
पूर्वेकडे, कुठेतरी.

(इथे माझ्याच्याने गप्प राहवत नाही.
आमच्याकडे आला होता, हुशंगमियाँ.
त्याचा पाय आम्हाला आमचाच वाटला,
म्हणून कुणाचा कोण, कधी विचारलं नाही.
मागोमाग खिसा आला, अस्तर आलं,
रफूसुद्धा त्याच गाठोड्यातलं.
मग कुणा साहेबाने तो उचलला,
गलबतावर, उकाड्याच्या रात्री, झोपताना घातला,
आणि दिवसाचं कापड रात्रीचं होऊन बसलं.
पुढचं मीही ऐकूनच आहे:
पॅरिसच्या ओठांवर त्याचा ज विरघळला,
आणि तसाच, पुठ्ठ्याच्या खोक्यात घडी होऊन,
राहदारी भरून तो स्वतःच्या गावी शिरला.
वेशीवर कुणी ओळखलं नाही.)

गोलनारने दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले.
त्यांच्या लिपीत टिंबांवर फार भिस्त.
जाताना जीमच्या पोटात एकच होतं,
परतताना डोक्यावर तीन.
"ही कुठून आली?"
"वाटेत माश्या बसल्या असतील,"
हुशंग म्हणाला, आणि खडा दुसऱ्या दाढेखाली घेतला.

पट्ट्यांच्या कापडाला तिथे राह-राह म्हणतात.
वाट, वाट.
ती एका पट्टीवरून बोट चालवत निघाली,
घोट्यापासून वर, नडगीवरून,
आणि गुडघ्याशी अडली.
तिथे ठिगळ आहे. माहरुखने लावलेलं,
तिच्या शेवटल्या हिवाळ्यात.
हात थरथरत होते तिचे, पट्टीला पट्टी लागली नाही,
सगळ्या वाटा बोटभर बाजूला सरकल्यात.
काशानात हुशंगइतकी जुळवणी कुणाची नाही.
हे मात्र त्याने उसवलेलं नाही अजून.
बोट जरा थांबलं,
बाजूची वाट धरून पुढे गेलं.

शेवटी शब्द तिने कुठल्याच रकान्यात घातला नाही.
मधल्या रेघेवरच बसवला,
अर्धा इकडे, अर्धा तिकडे,
एक पाय इथे नि एक तिथे.
(बाई लाल शाईने अर्धा गुण देतील,
आणि घरी बोलावणं.)

चारला हुशंग उठला.
खुंटीवरची विजार खाली काढली,
आणि पोरीचं लक्ष पेन्सिलीला टोक करण्यात आहे तोवर
जरा घाईनेच पाय घातले,
हिचंही गाव विचारून बसेल म्हणून.