टेकू

जळगाव एमआयडीसी, शेवटच्या गल्लीतलं पत्र्याचं शेड.
माझ्या टेबलावर रोज चाळीस डबे येतात,
तळहाताएवढे, पोलादी, जड.
एकेक प्रेसखाली ठेवते आणि दाबते,
पाच टन, दहा, वीस,
चाळीस.
आकडा खरं बोलला तर हिरवं स्टिकर,
अडखळला तर लाल ट्रे.

हे डबे जमिनीखाली जातात.
वणी की चंद्रपूर, चलनावर नुसता कोड असतो.
कोळसा काढून झालेल्या पोकळीत
खांबाच्या डोक्यावर बसतात,
वरचं ओझं किती वाढलं ते रात्रंदिवस सांगत राहतात.

आमच्या खान्देशात खाण नाही.
कोळसा दीपनगरला वाघिणीतून येतो, तेवढाच ओळखीचा.
टेकू मात्र माहीत.
रावेरला मामाच्या बागेत घड भरला
की केळीला बांबू लावायचे.
मे महिन्यात आभाळ पिवळं झालं
की मामी खोडाला हात लावून सांगायची,
हिला आज लावा, ती परवापर्यंत थांबेल.
तिचा हात कोणी कॅलिब्रेट केला नव्हता.

गल्लीतले सुपडूअण्णा झोपे
एकवीस वर्षं खाणीत होते.
अजून कुणाच्याही घरी गेले की काठीनं छत ठोकतात.
टण म्हंजे बस, ढप म्हंजे पय.
एकदा बाद झालेला डबा दाखवायला नेला,
तर त्यांनी तो कानाशी धरला.
"पोरी, लाकडाचा खांब बोले.
मोडायच्या आधी कडकड करे,
आम्ही जेवनाचे डबे टाकून पयत सुटो.
मंग लोखंडाचे आले. मजबूत, पन मुके.
नथ्थू गेला त्या दिवशी
काईच वाजलं नही."
डबा परत देताना त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला,
चष्मा पुसतात तसा.

आज सदतिसावा अडखळला.
अर्ध्या टनाचा फरक.
बोंडेसाहेब म्हणाले, टॉलरन्समध्ये आहे मॅडम, गाडी उभी आहे.
मी पुन्हा ठेवला.
पुन्हा.
चौथ्यांदा तो अगदी बरोबर बोलला
आणि तेच मला आवडलं नाही.

लाल ट्रे.

बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलाय.
बसू दे.
काहीतरी वाजतंय ना.