पांढऱ्या शाईखाली

म्झुझूच्या कोर्टात मी दुभाष्या.
साक्षीदार टोंगात बोलतात,
मी ते इंग्रजीत मांडतो,
न्यायमूर्ती लिहून घेतात.
मधे माझं काही नसतं.

आज पिंजऱ्यात एनिफा कावुंगा.
सरोवराकाठच्या शाळेत तिसरीच्या बाई,
मतदानाच्या रात्री केंद्राध्यक्ष.

हा आकडा कोणी झाकला?
"मी."
कशानं?
"पांढऱ्या शाईनं. मुलांच्या वह्यांसाठी असते ती."
कोणी सांगितलं?
"पहाटेचे तीन वाजले होते, कंदिलातलं तेल…"
विचारलं तेवढंच सांगा.

बाई गप्प.
मौनाचा अनुवाद करायचा नसतो.
मी पाणी पितो.

न्यायमूर्ती गोंडवे तक्ता घेऊन उठतात,
खिडकीशी जातात, उन्हात धरतात पाठमोरा,
आत जीव आहे का बघायला
अंडं धरावं तसा.
खाली चारशे एक्याऐंशी.
वर चारशे अठरा.
फरक त्रेसष्टचा,
आणि आमदार निवडून आला एकावन्न मतांनी.

मोजा म्हणावं पुन्हा, तर
मतपत्रिका बोटीतून येताना भिजलेल्या.
पेटी उघडली तेव्हा नुसता लगदा,
वर मासळीचा वास.

बाहेर बाजारात
उसिपा विकणाऱ्या बायकांनी तागड्या खाली ठेवल्यात,
रेडिओ मोठा केलाय.
दोन्ही बाजूंचे ढोल
एकाच झाडाखाली थांबलेत.

"कोण जिंकलं, हे कोर्टाला ठाऊक नाही.
ते कोणालाच कळू शकत नाही,
एवढं मात्र सिद्ध झालं आहे.
साठ दिवसांत पुन्हा मतदान घ्या."

मी हे टोंगात सांगितलं,
शब्दाला शब्द.
जाताना बाईंनी मला हळूच विचारलं,
"म्हणजे मी खोटी ठरले का?"
हे नोंदीत नव्हतं.
मला उत्तर द्यायची मुभा नव्हती.
रात्री एकशे बारा पानांचं निकालपत्र
ओळन्‌ओळ चाळलं.
तिच्याबद्दल एकच वाक्य:
साक्षीदाराने आकडा झाकल्याचे मान्य केले.

फेरमतदानाला तिथे दुसराच अध्यक्ष होता.
बाई रांगेत उभ्या होत्या म्हणे,
शाई लावायला बोट त्यांनी सगळ्यांआधीच पुढे केलं.

आणि तिसरीच्या वर्गात, ऐकतो,
ती बाटली आता नाही.
मुलं चुकीवर एकच रेघ मारतात,
खालचं वाचता येतं,
शेजारी पेन्सिलीनं, वाकड्या अक्षरात,
ज्याचं त्याचं नाव.