चौसष्ट चटया

चटया मोजून चौसष्ट.
चाळीस आमच्या, चोवीस राप्लाच्या शाळेकडून उसन्या,
त्याही बेकरीच्या गाडीतून आल्या,
म्हणून शुक्रवारी रात्रभर हॉलला
राईच्या पावाचा वास.
काउरने सांध्यांवर निळी चिकटपट्टी मारली
आणि म्हणाला, मारे, आता यावर हत्ती जरी आपटला तरी...
वाक्य पुरं केलं नाही. त्याला बोलण्याचं वावडं.

हाप्सालूत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
समुद्र खिडकीबाहेर असतो, पण नुसता ऐकू येतो.

पाहुणे तीन.
रीगाहून इल्गवार्स, गुडघ्याला नी-कॅप चढवून.
कुमामोतोहून हात्सुए कुरोकावा, वय एकाहत्तर,
स्टँडपासून घरापर्यंत बॅग माझ्या हाती देईनात.
आणि हेलसिंकीहून तूलिक्की,
जी आलीच नाही. वादळ. बोट रद्द.
तिचा निरोप आला तेव्हा मी
बेचाळीस माणसांच्या वाटाण्याच्या सूपात मीठ घालत होते.
घातलं की नाही आठवेना.
पुन्हा घातलं.

शनिवारी सकाळी मनगट.
इल्गवार्स म्हणाला, असं धरलं की आधी कंबर वळवा.
तासाभराने कुरोकावाबाई म्हणाल्या, कंबर विसरा,
आधी श्वास सोडा.
नार्वाची झ्लाता, सोळा वर्षांची, हात वर करून उभी:
मग बरोबर कोण?
बेचाळीस जण एकदम
आपापल्या पट्ट्याची गाठ तपासू लागले.
बाईंनी इल्गवार्सपुढे हात केला. धर.
त्याने धरला.
दोघंही हलेनात.
इतका वेळ, की रेडिएटरची टकटक मोजता आली.
मग आधी बाई हसल्या की आधी तो, यावर अजून वाद आहे,
आणि झ्लाताला उत्तर काही मिळालेलं नाही.

सूप खारट झालं होतं. कोणी अवाक्षर काढलं नाही,
पाण्याचे जग मात्र चारदा भरावे लागले.

दुपारचा तास तूलिक्कीचा,
म्हणजे आता माझा.
वाढणाऱ्याने पंगतीत बसू नये, हा नियम माझाच.
हाताला कांद्याचा वास, कमरेला किल्ल्यांचा जुडगा;
तो काउरने न विचारता सोडवून घेतला.
मी म्हटलं, पडू या.
हनुवटी छातीशी, पाठ गोल, हाताची चटईवर थाप.
एवढंच?
एवढंच. पन्नास मिनिटं.
टार्टूचा पोलीस पडला, दातांची डॉक्टर पडली,
बारा वर्षांचा ओट्ट पडला आणि उठेचना,
म्हणे, इथून छत चांगलं दिसतं.
शेवटच्या रांगेत इल्गवार्स
भिंतीला धरून बसला, मग त्या गुडघ्यासकट
हळूच मागे कलंडला. थाप उशिरा आली.
सहा वर्षं झाली, असं तो छताला म्हणाला.
मी ऐकलं नाही असं दाखवलं
आणि पलीकडच्या रांगेतल्या कुणाची तरी
आधीच नीट असलेली मान नीट केली.

रविवारी फोटो, दोनदा,
कारण पहिल्यात सगळ्यांचे डोळे मिटलेले.
चार दहाच्या बसआधी कुरोकावाबाईंनी
माझी दोन्ही मनगटं दाबून पाहिली,
बाजारात भेंडी मोडून पाहावी तशी,
आणि म्हणाल्या, कांदा.
चक्क एस्टोनियनमध्ये. कुणी शिकवलं कोण जाणे.

हिशोब: एकवीस युरो पदरचे.
मागे राहिलं ते: एक डावा मोजा, अर्धं पातेलं सूप,
कुणाचा तरी दातांचा गार्ड,
ज्याला हात लावायला कुणीच तयार नाही.
काउरने चिकटपट्टी सोलली.
बेकरीची गाडी उद्या सकाळी रिकामी होणार,
म्हणजे आजची रात्र राप्लाच्या चटया इथंच.

तो गेला. सायकलची साखळी ऐकू येईनाशी झाली
तेव्हा मी दिवा मालवला,
किल्ल्या उंबऱ्यावर ठेवल्या
आणि पडले. एकदाच.
थाप समोरच्या भिंतीवर जाऊन परत आली.
उसन्या चटईत नाक खुपसून
बराच वेळ तशीच.
पावाचा वास अजून गेला नव्हता.