चष्म्याचं वजन

सावद्याला केळीच्या ग्रुपवर
एकतीस वर्षं काटा धरला मी.
घडाखाली हात घातला की आकडा कळायचा,
व्यापारी म्हणायचे, याच्या तळहातातच पारडं आहे.
म्हणून सांगतो :
चष्म्याला वजन असं काही नसतं.
तरी प्रमिलाचा चष्मा
ती गेल्यावर दोन वर्षं मला उचलला नाही.

फळीवर होता, डबीत.
डावी काडी दोऱ्यानं बांधलेली,
गोधडीचा लाल दोरा, तिनेच गुंडाळलेला.
काचेच्या कोपऱ्यात
कळण्याच्या पिठाचा एक ठिपका.
तो मी तसाच राहू दिला.

मे महिना. पारा सत्तेचाळीसवर.
बँकेतला पंखा
वारा देत होता की नुसता आवाज, कळत नव्हतं.
खिशात हात घातला तर तिची डबी.
घाईत माझी समजून तीच उचलली होती.
काट्यावर अशी चूक माझी कधी झाली नाही.

माझ्या पुढे पालची एक तडवी बाई,
हातात पैसे काढायची चिठ्ठी,
ज्याला त्याला विचारत होती,
हे किती लिहेल हाये?
आतला पोरगा म्हणाला, अंगठा लाव मावशी, मागे रांग आहे.
अंगठा कामून? तिसरी शिकेल हाये मी.
दिसत नाही फक्त.

मी डबी उघडली.
का उघडली, आजही नीट सांगता येत नाही.
तिनं चष्मा चढवला,
चिठ्ठी लांब धरली, जवळ आणली, पुन्हा थोडी लांब,
आणि अख्ख्या बँकेला ऐकू जाईल असं वाचलं :
सु भा न बाई. रह मान. तड वी.
एक हजार पाचशे.
मग पुन्हा एकदा, नुसतं नाव.

आणि वर माझ्याकडे पाहिलं.
त्या काचांतून दोन वर्षांत
कुणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.
दिसू राह्यले तुमी, भाऊ, ती म्हणाली,
दाढी कराची राह्यली.

राहू द्या तुमच्याकडेच, म्हणालो.
बाहेर येईस्तोवर स्वतःचाच राग आला.
स्टँडपर्यंत हात रिकाम्या खिशावर.
घरी फळीवर धूळ, धुळीत डबीएवढी चौकट कोरी.
माल उतरला की पारडं वर जातं,
एवढं एकच शास्त्र मला येतं,
त्या रात्री तेही चुकलं.
शिळी भाकरी, कांदा, मिरचीचा ठेचा.
दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी शोधली.

आता बुटाच्या खोक्यात सव्वीस चष्मे आहेत.
एक कंपाउंडरचा, त्याच्या मुलानं आणून दिला,
तीन नाशिकहून, एक काच तडकलेला,
एक कुणाचा ते कुणालाच माहीत नाही.
बँकेच्या पायरीवर बसतो, दहा ते एक.
लोक लावून बघतात, हसतात, एकमेकांना दाखवतात.
कुणाला एकही लागत नाही, तो तसाच जातो,
त्या दिवशी मला जेवण गोड लागत नाही.

फैजपूरचे डोळ्यांचे डॉक्टर रागावले.
भलता नंबर लावाल तर डोकं धरून बसतील लोक.
बरोबरच होतं त्यांचं.
म्हणून दर गुरुवारी तिघाचौघांना
एसटीनं त्यांच्याकडे नेतो. तिकीट माझं.
परवा मोतीबिंदूवाल्या जंगलूदादांनी
वाटभर खिडकी सोडली नाही,
दिसत नव्हतं तरी.

सून फोनवर विचारते,
बाबा, उन्हातान्हात यातून मिळतं काय?
आकड्यात सांगायची सवय आहे मला,
आकडा सापडत नाही.
मी म्हणतो, बरं चाललंय.

सकाळी उठून रोज दाढी करतो.
हनुवटीखाली हात फिरवून बघतो, राहिलं का कुठे.
कोण कधी कोणाच्या काचेतून पाहील,
काय सांगावं.