मुदत

मार्च अर्धा सरला तरी हॅनकॉकमध्ये
बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलेलं होतं.
लेम्पी निस्कानेन एकोणीस खोकी घेऊन आली,
मुलांच्या घसरगाडीवर लादून, दोन फेऱ्यांत.

"उर्हो गेला," म्हणाली,
जणू त्याच्या शवपेटीला मी खांदा दिलाच नव्हता.
"हे सगळं आता किती वर्षं ठेवायचं?"

हंगामात हा प्रश्न रोजचाच.
उत्तर पाढ्यासारखं तोंडपाठ:
विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षं.
दुकानात पगारी माणूस असेल, तर त्याचे कागद चार.
बुडीत उधारी वजा मागितली असेल, तर सात.
घराचे, घर विकेपर्यंत, आणि वर तीन.
दाखवलेल्या कमाईच्या पाव हिश्श्याहून जास्त
सांगायचं राहून गेलं असेल, तर सहा.

"राहून गेलं असेल," लेम्पीनं विचारलं,
"की ठेवलं असेल?"

मुद्दाम ठेवलं असेल, तर मुदतच नाही.
विवरणपत्र भरलंच नसेल, तरीही नाही.
न सांगितलेलं कधी जुनं होत नाही, लेम्पी.
(हे शेवटचं कायद्यात नाही. तोंडून निघून गेलं.)

उर्होचं करवतींना धार लावायचं दुकान.
पावत्यांना अजून तेलाचा वास,
मधूनच बोटाला लागणारा लोखंडाचा कीस.
हेक्की सालोकडून येणे चाळीस डॉलर:
शहात्तर साली लिहिलेले, मग दर जानेवारीत
नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवलेले,
हेक्की मेल्यावरसुद्धा.
बुडीत म्हणून एकदाही दाखवले नाहीत.
"का गं?" मी विचारलं.
"तो देणार होता," ती म्हणाली.

चौदाव्या खोक्यात खिशात मावेल अशी वही.
चौऱ्याण्णव साल. सगळे गुरुवार.
मार्केट, इस्पितळ, जाऊन येऊन दोनशे तीन मैल.
दोनशे तीन. दोनशे तीन. एका गुरुवारी दोनशे एकोणीस,
समोर पेन्सिलीनं: 'कारीनला तळं बघायचं होतं.'
ऑक्टोबरनंतर पानं कोरी.

त्या वर्षीचा हिशेब मीच केला होता.
मैलामागे नऊ सेंट,
सगळं मिळून साडेसात टक्क्यांच्या उंबरठ्याखाली राहिलं,
आणि मी म्हणालो होतो, उर्हो, याचा काही उपयोग नाही.
त्यानं मान हलवली, वही खिशात घातली,
आणि ठेवली. एकतीस वर्षं.

मी ती बाजूला सारली. "ही तुझ्याकडे राहू दे."
लेम्पीनं चष्मा लावला, सगळे गुरुवार एकदा वाचले,
ओठ हलवत, बेरीज करत असावी तसे,
आणि वही स्वतःच्या हातानं यंत्रात घातली.
यंत्र जरा अडखळलं. पुठ्ठा जाड होता.

"चिंध्या मला दे," ती म्हणाली,
"कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरायला.
भुसा महाग झालाय."

तीन खोकी उरली. त्यांवर मी वर्षं लिहून दिली:
हे अमुक साली टाक, हे तमुक साली,
हे घर विकलंस तर.
"घर विकत नाही मी," म्हणाली. "तेवढं एक सोपं झालं."

मे महिन्यात दारात डझनभर अंडी.
एकाला कागदाची पट्टी चिकटलेली,
बोटाच्या पेराएवढी. त्यावर पेन्सिलीनं 'तळं ब'.
खरवडायला गेलो, निघेना.
ते अंडं मी फोडलं नाही. मग ते नासलं, टाकावं लागलं.

माझ्या खणात भावाला लिहायचं एक पत्र आहे,
म्हणजे नुसतं पाकीट, त्यावर पत्ता.
रॉइस ट्रेवॅरो, ब्यूट, मोंटाना.
आईच्या घराच्या विक्रीतलं थोडं
मी त्याला सांगितलं नव्हतं.
सत्तावीस वर्षं झाली.

लोक विचारतात, तीन ना? मी म्हणतो, तीन.