चांदणीच्या खाली

आई गेल्यावर सतराव्या दिवशी
मी स्वयंपाकघरातला तो खण ओढला,
आणि बाटल्या खडखडल्या. अकरा.
बाहेर डुलुथचं सरोवर अजून गोठलेलंच,
बर्फावर कुणाची तरी मासे धरायची झोपडी,
तिच्या धुराड्यातून धुराची एक रेघ.

"टाकू नकोस," बाबा म्हणाले, "ती हिरवी मी घेतो."
कधीपासून?
"ती गेल्यापासून. उघडीच होती. वाया कशाला?"

बाबांच्या हृदयात एक बनावट झडप आहे,
म्हणून रोज संध्याकाळी
रक्त पातळ ठेवणारी एक चिमुकली गोळी.
मी चष्मा पुसला, बाटली खिडकीपाशी धरली.

समोर ठळक अक्षरांत: स्मरणशक्तीला आधार.
'आधार'च्या खांद्यावर एक चांदणी.
चांदणीचा माग काढत मी बाटली फिरवत राहिले,
आणि जिथे कागदाचं एक टोक दुसऱ्यावर चिकटतं
तिथे ती पुन्हा उगवली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत:
या विधानाची सरकारने तपासणी केलेली नाही.
कोणताही आजार बरा करण्याचा हेतू नाही.
पुढच्या दाराने दिलेला शब्द
मागच्या दाराने परत.

आणि मधे: आमचं खास मिश्रण, सातशे मिलिग्राम.
आत नऊ वनस्पती. कुणाचा वाटा किती, लिहिलेलं नाही.
बाबांनी चाळीस वर्षं बंदरावर लोहखनिज तोललं.
"नऊ जणांचं वजन एकत्र?" ते म्हणाले,
"असल्या पावतीवर मी सही केली नसती."
पण गोळी मात्र रोज गिळत होते.

रात्री मी शोधत बसले.
जो विकतो तोच साक्षीदार,
जो साक्षीदार त्याच्याच गळ्यात स्टेथोस्कोप,
आणि खाली 'आत्ताच मागवा'.
सकाळी वाचनालयात व्हर्नाने
सरकारी संस्थेची घटकांची यादी काढून दिली.
रुक्ष, चित्रं नसलेली, प्रत्येक वनस्पतीला एक पान.
"इथे बऱ्याच ठिकाणी 'पुरेसं माहीत नाही' असं दिसेल," ती म्हणाली.
"मी त्यावरूनच ओळखते, कुणावर विश्वास ठेवायचा."

चौथी वनस्पती: गिंको.
त्या पानावर बाबांच्या गोळीचं नाव होतं.

औषधांच्या दुकानात माई सी व्हांगने
अकराही बाटल्या काउंटरवर रांगेत उभ्या केल्या.
"बरं झालं, बाटल्याच आणल्यात.
लोक नावं सांगतात, आणि नावं चुकतात."
एका बाटलीवरच्या गोल शिक्क्यावर तिने बोट ठेवलं:
"हा एवढंच सांगतो, की जे लिहिलंय ते आत आहे.
त्याने बरं वाटेल, हे नाही सांगत."
मग हिरवी उचलली.
"ही आणि तुमची गोळी, एका घरात नकोत.
आजपासून बंद. डॉक्टरांना मी कळवते,
रक्त या आठवड्यातच तपासून घ्या."

अंतिम तारीख बघायला तिने बाटली पालथी केली.
बुडाशी चिकटपट्टीचा तुकडा,
त्यावर बॉलपेनने, आईच्या उजवीकडे कललेल्या अक्षरांत:
रेनोला नको. रक्ताची गोळी. माई सीला विचारलं.
आणि खाली, वेगळ्या शाईत:
मला फरक नाही. अजून एक महिना बघू.

"हो," माई सी हळूच म्हणाली, "आल्या होत्या.
शरद ऋतूत. एकदा विचारून गेल्या,
आणि दाराशी पोचून परत आल्या, तेच विचारायला."

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.
आई विसरत होती, आणि तिला ते कळत होतं.

बाबांनी भिंग मागितलं.
तीन ओळी. त्यांना बराच वेळ लागला,
जणू प्रत्येक अक्षर काट्यावर ठेवून
सुई थांबायची वाट बघत होते.
"गोळ्या टाक," शेवटी म्हणाले.
पट्टी मात्र नखाने सोलून काढली
आणि आपल्या गोळ्यांच्या डबीवर लावली,
शनिवार-रविवारच्या झाकणांवर, वाकडी.

बाकीच्या दहा बाटल्या घरी आणल्या आहेत.
अजून मी पालथ्या केलेल्या नाहीत.