मानाकाराच्या गाडीतली वसुली

सातची गाडी साडेअकराला हलली
आणि घड्याळाकडे पाहणारी डब्यात मी एकटीच.
चौघांच्या बाकावर आम्ही सहा, शिवाय एक कोंबडी,
टोपलीच्या झाकणातून मान काढून
तिकीट तपासल्यासारखी बघणारी.

सॅक कुठं आहे ते दिसत नाही.
फियानारान्त्सुआला कुणीतरी हातोहात आत नेली,
आता तिच्यावर एक म्हातारा बसलाय
मांडीवर सायकलचं चाक घेऊन.
बरंय.
पासपोर्टवर एवढं वजन पहिल्यांदाच पडतंय.

चहाचे मळे संपले की बोगदे.
डब्यात दिवे नाहीत.
अंधार झाला की सगळे एकदम गप्प,
आणि कोंबडी बोलू लागते.

स्टेशन म्हणजे तास, दीड तास.
माणसांआधी केळ्यांचे घड चढतात.
खिडकीखाली पोरी, डोक्यावर ताटल्या:
नदीतले लाल झिंगे, तळलेले पिठाचे गोळे.
पुढच्या डब्यातल्या दोन गोऱ्यांना पाहून
पोरं ओरडतात, ‘वाझाहा! वाझाहा!’
माझ्या खिडकीशी आली की अडखळतात,
एकमेकांकडे बघतात.
शब्द तोंडात तसाच,
न फोडलेल्या शेंगेसारखा.

तुलुंगुइनाला समोरचा लाहिमेना एकदाचा विचारतो:
‘कराना?’
कराना म्हणजे दुकानवाले,
ज्यांचे पणजोबा गलबतातून उतरले
आणि कापड, साखर, रॉकेल विकत इथंच राहिले, ते.
मी म्हणते, नाही, मी इंडियाची. फिरायला आलेय.
तो म्हणतो, तेच ते.

मग हिशेब सुरू. अर्धा फ्रेंचमध्ये, अर्धा बोटांवर.
वादळाच्या साली छप्पर उडालं.
मानाकाराच्या बाजारात, निळ्या दाराच्या दुकानातून
सहा पत्रे आणि किलोभर खिळे.
निम्मे पैसे दिले, निम्मे राहिले.
मग म्हातारा शेठ वारला. पोरगा परदेशी गेला.
दाराला कुलूप.
‘आठ वर्षं,’ तो म्हणतो,
आणि बायको, व्हुलुलुना, खिडकीबाहेर बघू लागते.
ही गोष्ट तिनं पुष्कळदा ऐकलेली असावी.

मी त्यांची कुणी नाही, मी सांगते.
तो समजुतीनं मान डोलावतो.
वसुलीला आलेला माणूस
आधी असंच काहीतरी बोलतो.

मानाम्पात्राना. काळोख.
तो उतरतो तो येतच नाही.
इंजिन दोनदा ओरडतं. व्हुलुलुना शांत.
मग मालडब्याकडून खांद्यावर घड घेऊन तो येतो,
पायाशी जागा नाही म्हणून
माझ्या मांडीवरच ठेवतो.
‘वीता,’ म्हणतो.
संपलं. झालं.
आमच्या ‘फिटलं’ला किती खेटून बसलेला शब्द,
या बाकावर आम्ही बसलोय तसा.

नको म्हणण्यापुरतं फ्रेंच होतं माझ्याकडे.
म्हटलं नाही.
घड इतका जड की पाय बधिर झाले,
आणि समोर तो, आठ वर्षांनी पाठ टेकून,
तोंड उघडं टाकून झोपलेला.

रात्रभर अख्ख्या डब्यानं ती वसुली खाल्ली.
जागा झाल्यावर त्यानंही दोन.

पहाटे मानाकारा. खारा वारा.
सॅक मिळाली, चाकाचा गोल वळ उठलेली.
बाजारात निळी दारं तीन निघाली.
दोन बंद. तिसऱ्यावर
मोबाइल दुरुस्तीची पाटी.

आत गेले. चार्जर घेतला.
पोरानं दुप्पट भाव सांगितला असेल,
मी घासाघीस केली नाही.